अकरावीला बायो घ्यायचं म्हणजे नक्की कशाची तयारी करायची

निकाल लागला त्याच संध्याकाळी ओझरहून भावाचा फोन आला, भाचीला दहावीला ७८ टक्के पडले आणि तिला सायन्सला जायचंय, बायो घ्यायचंय, कारण तिला दवाखान्यात काम करायचंय. बस एवढंच तिचं म्हणणं, दवाखान्यात काम. भाऊ मात्र तोपर्यंत नाशिकला कॉलेज रोडवर एका क्लासमध्ये चौकशी करून आला होता आणि तिथे त्याला दोन वर्षांचं पॅकेज सांगितलं, हप्ते सांगितले, आणि याने विचारलं की नीटमध्ये नाही जमलं तर, तर उत्तर मिळालं की मग रिपीट करायचं. मला म्हणाला ताई तू एवढी वर्षं लॅबमध्ये आहेस, तूच सांग काय ते. मी म्हटलं पैसे भरू नको, रविवारी येते.

रविवारी आम्ही तिघं जवळजवळ तीन तास बोललो. हेच प्रश्न दरवर्षी जून आला की मला कोणी ना कोणी विचारतं, सिन्नरहून, दिंडोरीहून, सोसायटीतले, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू. मी काउन्सिलर वगैरे नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, पण ट्रेनिंगला येणारी मुलं दरवर्षी बघते आणि कोण कुठे अडकतं ते समोर दिसतं.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की दवाखाना म्हणजे एक दार नाही, वीस-पंचवीस दारं आहेत आणि प्रत्येक दाराची चावी वेगळी आहे. चावी म्हणजे तीन गोष्टी, बारावीला कोणते विषय होते, कोणती प्रवेश परीक्षा दिली, आणि शिकून झाल्यावर कोणत्या कौन्सिलकडे नोंदणी होते. नव्वद टक्के घरांत फक्त मधल्या गोष्टीवर चर्चा होते आणि तीही एकाच परीक्षेवर, नीट. पहिली गोष्ट फॉर्म भरताना दोन मिनिटांत उरकतात, आणि तिसरी तर कोणाला माहीतच नसते, आणि पोरं नेमकी तिथेच फसतात.

नीटचं आधी उरकते. सध्याच्या पद्धतीत १८० प्रश्न, ७२० गुण, त्यात बायोचे ९० प्रश्न आणि फिजिक्स केमिस्ट्रीचे ४५-४५. बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकलं तर १ जातो. वेळ तीन तास. पेपर मराठीतूनही देता येतो, हे आपल्याकडे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण पाहिजे. आणि एक घोळ सगळेच करतात तो पर्सेंटाईलचा. नीटमध्ये पात्र व्हायला ओपनला ५० पर्सेंटाईल लागतं म्हणजे ७२० पैकी ३६० नव्हे. ५० पर्सेंटाईल म्हणजे परीक्षेला बसलेल्या १०० मुलांमागे ५० तुमच्या मागे असले पाहिजेत, मग ते किती गुणांना येतं ते त्या वर्षीच्या पेपरवर ठरतं. आणि पात्र झाला म्हणजे सीट मिळाली असंही नाही. देशभरात २० लाखांहून जास्त मुलं बसतात आणि एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाखाच्या घरात आहेत, हे गणित घरात एकदा शांतपणे मांडा. मुलीला घाबरवायला नाही, तर दुसऱ्या दारांची माहिती आत्ताच काढून ठेवायला.

नीटने फक्त एमबीबीएस नाही उघडत. आपल्या राज्यात दातांचं बीडीएस, आयुर्वेदाचं बीएएमएस, होमिओपॅथीचं बीएचएमएस, आणि फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी यांचे प्रवेशसुद्धा नीटवरूनच होतात. म्हणून ज्याला फिजिओ करायचंय त्यानेही नीटचा फॉर्म भरायलाच हवा, नुसत्या बारावीच्या मार्कांवर बसून राहिलात तर वर्ष गेलं. माझ्या शेजारच्या मुलाचं असंच गेलं, त्याला वाटलं नीट म्हणजे डॉक्टरची परीक्षा, मला काय करायचीय.

आता विषय. बायो पाहिजे हे सगळ्यांना कळतं. पण बहुतेक ठिकाणी नियम असा असतो की फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायो या तिघांची मिळून टक्केवारी बघतात आणि इंग्रजी पास लागतं. एमबीबीएसला ओपनसाठी तिघांत मिळून ५० टक्के, राखीवला ४०. बीएस्सी नर्सिंगला ४५, राखीवला त्यात सूट. म्हणजे बारावीला एकूण ७० टक्के पडले पण ते भाषेने आणि बाकीच्या विषयांनी वर ओढलेले असले तर उपयोग नाही, पीसीबीचे, म्हणजे या तिघांचे, वेगळे काढून बघा. आणि बायफोकल, म्हणजे सायन्सबरोबर एक व्यावसायिक विषय, घेत असाल तर त्या कॉलेजात बायफोकलबरोबर बायो राहतंय का हे विचारूनच घ्या, काही ठिकाणी गट ठरलेले असतात.

गणिताचं काय करायचं यावर आमच्याकडे बराच वेळ चर्चा झाली. नर्सिंग, लॅब, एक्सरे, बीएएमएस, एमबीबीएस यांपैकी कशालाच बारावीचं गणित लागत नाही. फार्मसीला पीसीबीही चालतं आणि पीसीएमही, म्हणजे बायोऐवजी गणित. पण मुलीला दवाखान्यातली मशीन बनवायची, दुरुस्त करायची आवड असेल, म्हणजे बायोमेडिकल इंजिनिअरिंग वगैरे, तर गणित लागणारच. माझं मत स्पष्ट आहे, चारही विषय घेऊन चौघांत कच्चं राहण्यापेक्षा तीन पक्के करा. मात्र गणित सोडलं म्हणजे आकडेमोड सुटली असं कोणी समजू नये, ती पुढे रोज लागते, आणि तीही अशी की चुकली तर पेशंटला भोगावं लागतं.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो सांगते. मुलं विचारतात की हे झाडाचं, मूलद्रव्याचं, भिंगाचं शिकून दवाखान्यात काय उपयोग. म्हणून मी भाचीला आमच्या कामातल्याच चार गोष्टी उलगडून दाखवल्या.

पहिली सलाईन. बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं म्हणजे एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. ९च का, ५ का नाही, २० का नाही? बारावीच्या बायोमध्ये वनस्पती आणि पाणी असा धडा आहे, त्यात ऑस्मोसिस शिकवतात आणि मुलं ते झाडाचं आहे म्हणून सोडून देतात. आपल्याकडे तर हे घरात दिसतं, बेदाणे रात्री पाण्यात टाकले की सकाळी टम्म फुगतात, कारण आत साखर जास्त आणि बाहेर कमी म्हणून पाणी आत शिरतं. ताजं द्राक्ष साखरेच्या घट्ट पाकात टाकलं की सुकून आकसतं कारण पाणी बाहेर ओढलं जातं. रक्तातल्या तांबड्या पेशींचं अगदी हेच होतं. शिरेत साधं पाणी गेलं तर त्या फुगून फुटतील, फार खारट गेलं तर आकसतील, आणि ०.९ टक्क्याला त्या आहेत तशा राहतात. भाऊ बागायतदार आहे, त्याला हे एका मिनिटात कळलं आणि तो म्हणाला हे आम्हाला शाळेत असं सांगितलं असतं तर.

दुसरी त्याच सलाईनची आकडेमोड. डॉक्टरने लिहिलं ५०० मिली चार तासांत द्या. नर्स काय करते? सलाईनच्या नळीच्या सेटवर लिहिलेलं असतं १ मिलीला किती थेंब, समजा २०. म्हणजे ५०० मिलीचे १०,००० थेंब, चार तास म्हणजे २४० मिनिटं, भागिले केलं की मिनिटाला साधारण ४२ थेंब. मग घड्याळाकडे बघत थेंब मोजून नळीवरची चाकी फिरवायची. लहान मुलांना लावायचा बारीक थेंबाचा सेट वेगळा, त्यात १ मिलीला ६० थेंब. सेट कोणता आहे हे न बघता भागाकार केला तर औषध तिप्पट वेगाने किंवा तीनपट हळू जाईल. हे सातवी-आठवीचं गणित आहे पण रात्री तीन वाजता, वॉर्डमध्ये दहा पेशंट असताना, न चुकता करायचं असतं.

तिसरी माझ्या लॅबमधली. रक्त घेताना वेगवेगळ्या रंगाच्या टोपणाच्या नळ्या असतात ते तुम्ही पाहिलं असेल. शुगरसाठी राखाडी, सीबीसीसाठी म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायला जांभळी. भाचीने विचारलं एकाच नळीत का नाही घेत. तर रक्त शरीराबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या नळीतली साखर खात राहतात, अकरावीला श्वसनाच्या धड्यात ग्लायकोलिसिस आहे ना, तेच चालू असतं. साध्या नळीत रक्त तसंच ठेवलं तर तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होत जाते आणि डायबिटीसवाल्या माणसाचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. राखाडी नळीत सोडियम फ्लोराईड असतं, ते ग्लायकोलिसिसमधल्या एका एन्झाईमला अडवतं. जांभळ्या नळीत ईडीटीए असतं, ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं आणि कॅल्शियम मोकळं नसेल तर रक्त गोठत नाही. हे ईडीटीए बारावीच्या केमिस्ट्रीत येतं, को-ऑर्डिनेशन कंपाउंडमध्ये. मी स्वतः बारावीत ते नाव नुसतं पाठ केलं होतं, एका मार्काला येतं म्हणून, आणि लॅबमध्ये पहिल्याच महिन्यात कळलं की ते रोज हातात असणार आहे.

चौथी फिजिक्सची, कारण भाचीला फिजिक्सची भीती आहे. एक्सरे काढताना टेक्निशियन दोन गोष्टी सेट करतो, किलोव्होल्ट आणि मिलिअँपिअर. किलोव्होल्ट वाढवलं की किरण जास्त आरपार जातात, मिलिअँपिअर वाढवलं की किरणांचं प्रमाण वाढतं. छातीला वेगळं, हाताच्या बोटाला वेगळं, लहान बाळाला तर फारच जपून. आणि उगमापासून अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता निम्मी नाही, पाव होते, हा वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम. एक्सरे रूममधला माणूस दोन पावलं मागे जाऊन उभा राहतो ते उगाच नाही. त्याच्या अंगावर टीएलडी बॅज असतो, त्यावरून किती किरण अंगावर पडले ते मोजतात, आणि आपल्याकडे कामगाराला एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टच्या (हे अंगावर पडलेले किरण मोजायचं माप) वर आणि पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०च्या वर जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे. फिजिक्स येत नाही तो बटण दाबायला शिकेल, पण फिल्म खराब आली तर का खराब आली हे त्याला सापडणार नाही आणि तो पेशंटला परत एकदा किरण देईल.

म्हणून प्रॅक्टिकलबद्दल मला फार पोटतिडकीने सांगायचंय. बारावीला प्रत्येक सायन्स विषयाचे ३० मार्क प्रॅक्टिकलचे आहेत आणि ते मिळतातच असं सगळे धरून चालतात. इंटिग्रेटेडच्या, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र, अशा नावाखाली मुलं दोन वर्षं क्लासमध्ये बसतात, कॉलेजच्या लॅबमध्ये परीक्षेच्या आठवड्यात पहिल्यांदा पाय ठेवतात, जर्नल कुणाचं तरी बघून उतरवतात. मग माझ्याकडे ट्रेनिंगला येतात तेव्हा मायक्रोस्कोपचं १०० एक्सचं भिंग सरळ स्लाईडवर दाबतात. मलेरियाचा जंतू बघायचा तर तेच भिंग लागतं, तेलाचा थेंब टाकून, हजार पटीने मोठं करून, आणि हात अलगद पाहिजे. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाईड बनवायचं प्रॅक्टिकल असतं, पिंपळगाव-लासलगावच्या पोरांना कांदे कमी आहेत का, पण ती स्लाईड स्वतःच्या हाताने केलेली मुलं मला फार कमी भेटतात. ज्याने ती चार वेळा बिघडवून पाचव्यांदा नीट केली त्याचा हात मला दहा मिनिटांत ओळखता येतो. कॉलेज निवडताना मेरिट लिस्टबरोबर एवढं विचारा की इथे प्रॅक्टिकल खरंच होतात का, सिनियर मुलं लगेच खरं सांगतात.

मराठी मीडियमची भीती हाही भाचीचा प्रश्न होता. अकरावी सायन्स इंग्रजीत, पुढचं सगळं शिक्षणही बहुतेक इंग्रजीत. माझंही मराठी मीडियमच. एक युक्ती सांगते जी मला एका जुन्या सिस्टरने शिकवली होती, शब्द तोडून वाचायचा. शेवटी 'आयटिस' आलं की सूज किंवा दाह, मग टॉन्सिलायटिस, गॅस्ट्रायटिस, हिपॅटायटिस तिन्ही एकदम कळतात, फक्त पुढचा भाग कोणत्या अवयवाचा ते बघायचं. 'हिपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्रो' म्हणजे मूत्रपिंड, 'कार्डिओ' हृदय, 'हिमो' किंवा 'हिमॅटो' रक्त. 'एक्टोमी' म्हणजे कापून काढणं. असे चाळीस-पन्नास तुकडे वहीत लिहून ठेवले की अर्धी डिक्शनरी हातात येते. अकरावीच्या सुट्टीत एवढं केलं तरी पुढे फार सोपं जातं.

बाकीची दारं भराभर सांगते. नर्सिंगमध्ये तीन पायऱ्या आहेत आणि लोक तिन्ही एकच समजतात. एएनएम दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी, गावातल्या उपकेंद्रात ज्या सिस्टर असतात त्या बहुतेक हा कोर्स केलेल्या. जीएनएम तीन वर्षांचा, त्याला बारावीला सायन्सच पाहिजे असं नाही, आर्ट्सवालीही करू शकते, ४० टक्के आणि इंग्रजी पास लागतं, आणि मुलांनाही प्रवेश आहे. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची, तिला मात्र पीसीबी लागतंच आणि राज्याची वेगळी सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जीएनएम केलेल्यांना पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून डिग्री मिळवता येते, म्हणजे पैशाची अडचण असेल तर आधी जीएनएम करून नोकरी धरून मग पुढे जाता येतं. आमच्या ओळखीत पेठ तालुक्यातली एक मुलगी याच रस्त्याने गेली आणि आज ती आयसीयूची इन्चार्ज आहे. नर्सिंग म्हणजे दुय्यम काम असं ज्यांना वाटतं त्यांनी एक रात्र आयसीयूबाहेर काढून बघावी, डॉक्टर राउंडला येऊन जातो, पेशंटजवळ बारा तास ती उभी असते.

फार्मसीत डी फार्म दोन वर्षांचा आणि त्यावर ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग, त्याला प्रवेश बारावीच्या मार्कांवर. बी फार्म चार वर्षांचा, त्याला एमएचटी-सीईटी लागते. ही सीईटी नीटपेक्षा बरीच वेगळी, २०० मार्कांची, चुकीच्या उत्तराला मार्क जात नाहीत, आणि साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर, ८० टक्के बारावीवर. नीटचा अभ्यास करणाऱ्याने सीईटीचा पीसीबी ग्रुप भरून ठेवायलाच हवा, वेगळा अभ्यास फारसा लागत नाही, फक्त वेगाने सोडवायची सवय लागते. डी फार्म करून नंतर बी फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

मग आमची मंडळी, पॅरामेडिकल. लॅब, एक्सरे-सीटी-एमआरआय, ऑपरेशन थिएटर, रक्तपेढी, डायलिसिस, डोळे तपासणी, हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायची कॅथलॅब. याला डिप्लोमेही आहेत आणि डिग्रीही. बीपीएमटी म्हणून डिग्री आहे, तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप, आणि ती देतं आपलंच आरोग्य विज्ञान विद्यापीठ. नाशिककरांना याचं अप्रूप वाटत नाही पण राज्यातली मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंगची कॉलेजं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत ते १९९८ साली स्थापन झालं आणि आपल्या दिंडोरी रोडला म्हसरूळला आहे. गडचिरोलीच्या मुलाला चौकशीला एवढं लांब यावं लागतं, आपल्याला पंचवटीतून रिक्षाने जाता येतं. कोणतं कॉलेज त्यांच्याशी संलग्न आहे याची यादी त्यांच्या साईटवर असते, प्रवेशाआधी ती उघडून बघायला पाच मिनिटं लागतात.

आणि ज्यांना बारावीपर्यंत थांबायचं नाही, लवकर हाताला काम पाहिजे, त्यांच्यासाठी अकरावीपासूनच एचएससी व्होकेशनल आहे, आधी त्याला एमसीव्हीसी म्हणायचे. त्यात मेडिकल लॅब टेक्निशियन, रेडिओलॉजी टेक्निशियन, लहान मुलं आणि वृद्धांची आरोग्यसेवा असे कोर्स आहेत, प्रॅक्टिकल भरपूर आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी ट्रेनिंग. काही शाळांत नववी-दहावीलाही हेल्थ केअर हा विषय घेता येतो, पेशंटला कूस कशी बदलायची, हात कसे धुवायचे, ताप-नाडी कशी नोंदवायची हे त्यात शिकवतात. अमेरिकेत हे फार जुनं आहे, तिथे हायस्कूलमध्येच हेल्थ सायन्सचे तास असतात आणि बऱ्याच शाळांत मुलं शिकता शिकताच नर्सिंग असिस्टंटचं ट्रेनिंग घेतात, ज्याला त्यांच्या केंद्राच्या नियमाने किमान ७५ तास लागतात आणि त्यातले १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष हाताने करायचे असतात. आपल्याकडे व्होकेशनलला कमी मार्कवाल्यांची जागा समजतात, मला हे अजिबात पटत नाही, त्यातून आलेली दोन मुलं आमच्याकडे आहेत आणि रक्त काढायला त्यांच्याइतका हलका हात कोणाचा नाही. पण एक गोष्ट आधी समजून घ्या, व्होकेशनलला पीसीबी नसतं. म्हणजे नीट, बीएस्सी नर्सिंग, बीपीएमटी ही दारं तिथेच बंद होतात, आणि हे प्रवेशाच्या खिडकीवर कोणी सांगत नाही.

आता तिसरी चावी, नोंदणी. माझ्या मामेभावाने एका इन्स्टिट्यूटमध्ये एक वर्षाचा डिप्लोमा केला, मामाने त्यासाठी गाय विकली होती. सर्टिफिकेट छान जाड कागदाचं, त्यावर सोनेरी शिक्का. सरकारी भरतीचा फॉर्म भरला, परीक्षेत चांगले मार्क पडले, आणि कागदपत्र तपासणीला त्याला बाहेर काढलं कारण त्या कोर्सवर कौन्सिलची नोंदणीच होत नव्हती. मामा आजही त्या विषयावर बोलत नाही. त्या दिवसापासून मी ज्याला त्याला सांगते की फी भरायच्या आधी तीनच गोष्टी विचारा, परीक्षा कोण घेतं, नोंदणी कोणत्या कौन्सिलकडे होते, आणि प्रत्यक्ष हॉस्पिटलमध्ये किती तास काम करायला मिळतं. नर्सिंगला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, फार्मसीला महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल, लॅबवगैरेला महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिल, फिजिओला त्यांची वेगळी. "आमची स्वायत्त संस्था आहे" किंवा "इंटरनॅशनल मान्यता आहे" असं उत्तर मिळालं तर चहा पिऊन उठा.

तासांचा हिशेबही करून बघता येतो. २०२१ साली केंद्राने या सगळ्या पॅरामेडिकल लोकांसाठी एक कायदा केला, त्यात अशा कामाच्या डिप्लोमा-डिग्रीला किमान २००० तास आणि दोन ते चार वर्षं असं धरलंय, आणि वरच्या दर्जाच्या डिग्रीला किमान ३६०० तास. आता सहा महिन्यांचा कोर्स, रोज तीन तास, महिन्याला २६ दिवस धरले तरी ४६८ तास होतात. पाव भागही भरत नाही. मदतनीस म्हणून काम शिकायला असा कोर्स ठीक असेल, पण त्याला टेक्निशियन म्हणून विकत असतील तर हा आकडा त्यांच्यासमोर मांडा.

शेवटी कागदपत्रं, कारण हुशार मुलांच्या सीटा मार्कांनी कमी आणि दाखल्यांनी जास्त जातात. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, ओबीसी असेल तर नॉन क्रिमी लेयर, आणि सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जात पडताळणी. ती बारावीनंतर काढू म्हटलं तर निकाल आणि प्रवेशाच्या मधे मिळेलच याची खात्री नाही, अर्ज कॉलेजमार्फत अकरावी-बारावीतच करायचा असतो. त्याला आजोबा-पणजोबांच्या वेळचे पुरावे लागतात, शाळा सोडल्याचे दाखले, महसुली कागद, आणि ते गावोगाव फिरून गोळा करायला महिने जातात. नावात एका वेलांटीचा फरक असला तरी अडतं. भाचीच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आणि आधारवर आईचं नाव वेगवेगळं निघालं, ते आम्हाला त्या रविवारीच दिसलं.

तर सध्या ठरलंय असं की ती पीसीबी घेणार, गणित सोडणार, नीट आणि सीईटी आणि नर्सिंगची सीईटी तिन्ही देणार, क्लास फक्त फिजिक्सचा आणि तोही ओझरमधलाच. तिला स्वतःला ऑपरेशन थिएटरचं काम आवडेल असं वाटतंय पण तिने अजून थिएटर आतून पाहिलेलं नाही, म्हणून ते मी जमवतेय. भाऊ सोमवारी आईच्या नावाची दुरुस्ती करायला सेतूत जाऊन आला, आणि आता पणजोबांचा शाळेचा दाखला शोधायला निफाडला जाणार आहे.